कागद हरवला, आवाज राहिला

नांदेड-लातूरकडे ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द उच्चारला की काळ्या कोटातल्या व्हायोलिनवादकांच्या रांगा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. येतो तो गणेशोत्सवातला मंडप, दोन की-बोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलक, शेरोशायरी करणारा निवेदक आणि किशोरकुमारांच्या ढंगात गाणारा गावातलाच एखादा गायक. या मंडळींपुढे स्वरलिपीचा कागद नसतो. मूळ गाणे पुनःपुन्हा ऐकायचे, व्हायोलिनची ओळ कुठे चढते, बासरी कुठे शिरते, ठेका कुठे बदलतो हे कानाने टिपायचे आणि मग ‘गाणे बसवायचे’, ही त्यांची रीत. कागदावर शिकलेल्या संगीतज्ञांनी या कामाला कधी फारशी प्रतिष्ठा दिली नाही. नक्कल म्हणून ते बाजूला सारले.

हा धागा ज्या मैफलीविषयी आहे, ती मैफल या ‘नकले’वाचून झालीच नसती. ती झाली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, २५ आणि २६ सप्टेंबर १९९९ रोजी. मंचावर एका बाजूला ‘डीप पर्पल’ हा मुरलेला रॉक बँड आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात बसलेला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. बँडमधल्या पाचांपैकी चौघांनी पन्नाशी ओलांडलेली होती. तीस वर्षांपूर्वी याच चौघांनी, याच सभागृहात, हीच रचना वाजवली होती. आणि मधल्या काळात त्या रचनेची लिखित प्रत जगातून नाहीशी झाली होती.

प्रथम १९६९ कडे जाऊ.

डीप पर्पल हा बँड इंग्लंडमध्ये १९६८ साली उभा राहिला. त्याचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकलेला होता. हॅमंड ऑर्गनचा कर्कश, गुरगुरणारा आवाज त्याच्या हाताशी होता, आणि डोक्यात मात्र बाख आणि सिबेलियस यांचे संगीत घोळत असे. जॅझ-वादक डेव्ह ब्रूबेक यांचा न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकबरोबर केलेला ध्वनिमुद्रित प्रयोग त्याने ऐकला होता. रॉक बँड आणि सिम्फनी वाद्यवृंद एकाच रचनेत का येऊ नयेत, हा विचार त्यातून आला. तो विचार त्याने बँडचे व्यवस्थापक टोनी एडवर्ड्स यांच्या कानावर घातला. एडवर्ड्स यांनी गाजावाजा न करता अल्बर्ट हॉलची तारीखच घेऊन टाकली: २४ सप्टेंबर १९६९. लिहायला अवघे काही महिने उरले होते. दौऱ्यावरून परतल्यावर रात्री जागून, अठ्ठावीस वर्षांच्या त्या तरुणाने सुमारे पन्नास मिनिटांची, तीन भागांची पूर्ण वाद्यवृंदाची संहिता हाताने लिहून काढली.

संहिता म्हणजे काय, हे इथे थांबून समजून घ्यायला हवे. आपल्याकडची बंदीश कागदावर लिहिली तर अर्ध्या पानात मावते. तिचा विस्तार गायकाच्या गळ्यात असतो. सिम्फनी वाद्यवृंदाच्या संहितेत मात्र बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी, व्हायोलिनचे दोन गट, व्हिओला, चेलो, डबल बास अशा प्रत्येकाची वेगळी ओळ एकाखाली एक लिहिलेली असते. साठ-सत्तर माणसे कोणत्या क्षणी काय वाजवतील, हे त्या कागदाशिवाय कुणालाच ठाऊक नसते. संचालकापुढे संपूर्ण पान, वादकापुढे फक्त त्याची ओळ. कागद गेला की रचना गेली.

वाद्यवृंद होता रॉयल फिलहार्मॉनिक, आणि संचालक होते सर माल्कम आर्नल्ड. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळवलेला हा संगीतकार त्या वेळी अजून ‘सर’ झालेला नव्हता. आजच्या अनेक लेखांत ती पदवी मागे ओढून लावली जाते, तशी वरच्या वाक्यातही लागली. तारखांच्या बाबतीत अशा चुका किती सहज होतात, याचा हा नमुना. तालमीत वाद्यवृंदातल्या काही वादकांना हा सगळा प्रकार अपमानास्पद वाटला. केसाळ पोरांच्या मागे बसून वाजवण्यासाठी का आपण आयुष्यभर रियाज केला, अशी ती भावना. आर्नल्ड यांनी वादकांना चांगलेच फैलावर घेतले आणि मगच काम मार्गी लागले, ही आठवण लॉर्ड पुढे अनेक वर्षे सांगत असत.

सभागृहाचाही एक वाटा आहे. अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडले तेव्हापासून त्याच्या प्रचंड घुमटातून येणाऱ्या प्रतिध्वनीची थट्टा होत आली होती. तो दोष कमी करण्यासाठी छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगण्यात आल्या. लोक त्यांना ‘मशरूम’ म्हणतात. त्या टांगल्या गेल्या त्याच सुमारास, १९६९ मध्ये. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण जितके स्पष्ट उतरले, तितके ते काही वर्षांपूर्वी उतरले असते का, ही शंका रास्त आहे. आणि पुढची सारी कथा त्या स्पष्टपणावरच उभी आहे.

रचना कशी होती? पहिल्या भागात बँड आणि वाद्यवृंद समोरासमोर उभे ठाकल्यासारखे वाजवतात. एकाने वाक्य टाकावे, दुसऱ्याने ते उधळून लावावे. दुसरा भाग संथ, त्यात इयन गिलन यांचे गायन; त्या ओळी त्यांनी मैफलीच्या दिवशीच लिहून पूर्ण केल्या, असे सांगितले जाते. तिसऱ्या भागात दोन्ही फळ्या एकत्र धावतात. परीक्षकांचे मत तेव्हाही एक नव्हते. खरे तर पहिल्या भागातले सांधे आजही खटकतात. काही ठिकाणी दोन वेगळी गाणी शेजारी ठेवल्यासारखे वाटते. पण गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांची तान संपता संपता मागून सगळी व्हायोलिने उसळतात, तेव्हा ऐकणारा सरसावून बसतो.

लंडनला हा प्रयोग अघटित वाटला, याचे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतल्या वादकांना मात्र हसू आले असते. तिथे इलेक्ट्रिक गिटार, तबला, सतार आणि पन्नास व्हायोलिने एकाच खोलीत बसवणे हा रोजचा व्यवसाय होता. गोव्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक संगीतकाराची चाल ऐकून साऱ्या वाद्यांसाठी कागद तयार करीत. गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये मुंबईत ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला लावले होते. (प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य, ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या प्रसिद्ध गाण्यातले नाव ही गुरुदक्षिणाच.) त्या कागदांचे पुढे काय झाले? गाणे मुद्रित झाले की कागदाचे काम संपले, अशीच बहुधा समजूत होती. म्हणून आज नांदेडच्या की-बोर्डवाल्याला त्या गाण्यांतला वाद्यमेळ शोधायचा असेल, तर कान हेच एक साधन उरते. लता मंगेशकरांची परदेशातली पहिली मैफलही याच अल्बर्ट हॉलमध्ये, १९७४ साली झाली आणि तिचे थेट मुद्रण ध्वनिमुद्रिकांवर निघाले. त्या तबकड्या मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत वाजल्या. त्यातली वाद्यांची बाजू कुणी कागदावर पाहिलेली नाही.

पुन्हा डीप पर्पलकडे. २५ ऑगस्ट १९७० रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये, लॉरेन्स फॉस्टर यांच्या संचालनाखाली, ही रचना दुसऱ्यांदा वाजली. त्यानंतर बँडची दिशा बदलली. ब्लॅकमोर यांना हे ‘वाद्यवृंदाचे नाटक’ पुरे झाले होते; ‘डीप पर्पल इन रॉक’ हा दणदणीत आवाजाचा अल्बम त्याच वर्षी आलेला होता आणि जग त्याच्या मागे लागले होते. या धामधुमीत १९७० मध्येच संहिता आणि वादकांच्या ओळींचे कागद गहाळ झाले. आग नाही, पूर नाही, कुणाचे कारस्थान नाही. कागद जसे हरवतात तसे हरवले. मोडी दफ्तरांच्या शोधात वाडे पालथे घालणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

उरले काय? १९६९च्या रात्रीचे ध्वनिमुद्रण आणि त्याच मैफलीचे चित्रीकरण.

लॉर्ड यांना ती रचना पुन्हा वाजवण्याची इच्छा होती. पण तीस वर्षांपूर्वी रात्री जागून लिहिलेले प्रत्येक वाद्य कुणाला आठवेल? तेवढ्यात नेदरलँड्समधून एक संगीतकार पुढे आला: मार्को डे खूय. कुणी सांगितले नव्हते, कुणी पैसे दिले नव्हते. त्याने ते ध्वनिमुद्रण ऐकत, चित्रफीत पाहत, संपूर्ण संहिता पुन्हा लिहायला घेतली होती. पूर्ण झाल्यावर तो ती घेऊन थेट लॉर्ड यांच्यासमोर उभा राहिला.

या कामाची जातकुळी इतिहास वाचणाऱ्याने नीट पाहावी. ड्रम आणि गिटार गर्जत असताना मागचा व्हिओला काय वाजवतो, हे ऐकू येत नाही. तिथे दोन उपाय: एक, चित्रफितीत वादकाच्या गजाची हालचाल आणि बोटांची जागा पाहणे, दोन, त्या काळचा, त्या शैलीचा लेखक इथे काय लिहील, याचा अंदाज बांधणे. पहिला उपाय पुराव्याचा, दुसरा तर्काचा. शिलालेखाचा कोपरा फुटलेला असला की वाचक कंसात अक्षरे भरतो, तसेच हे. शिवाय बँडने त्या रात्री जे उत्स्फूर्त वाजवले, ते मूळ कागदावर नव्हतेच. म्हणजे जे ऐकू येते त्यातलेही सगळे लिहायचे नाही. जे ऐकू येत नाही ते लिहायचे आणि जे ऐकू येते त्यातले काही वगळायचे. राहिलेल्या जागा लॉर्ड, डे खूय आणि तरुण संचालक पॉल मान यांनी मिळून भरल्या, आणि लॉर्ड यांनी हात फिरवताना काही ठिकाणी जुने बदललेही. तेव्हा १९९९ मध्ये वाजली ती १९६९ची रचना होती का? जवळजवळ. या ‘जवळजवळ’मध्ये किती मावते, हा खरा प्रश्न.

त्याचे उलटे उदाहरण मराठवाड्याच्याच मातीत आहे. तेराव्या शतकात आजचे नांदेड आणि लातूर ज्या राज्यात मोडत होते, त्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे मूळ काश्मीरचे, हुद्दा हिशेबखात्यातला, श्रीकरणाधिपाचा. आणि लिहिला त्याने ‘संगीतरत्नाकर’. सिंघण यादवाच्या कारकिर्दीतला हा सात अध्यायांचा ग्रंथ. त्यात २६४ रागांचा विचार आहे, कित्येक रागांचे आलाप स्वराक्षरांत लिहून दाखवले आहेत, आणि वाद्यवृंदाचे मोजमापही आहे. उत्तम वृंद कोणता? चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक. हिशेबनिसाने लिहिल्यासारखे नेमके. एकूण बत्तीस. मध्यम वृंद याच्या निम्मा.

कागद, म्हणजे पोथी, टिकली. टीकाकारांनी टीका लिहिल्या, मुद्रित आवृत्त्या निघाल्या. आवाज मात्र गेला. त्या स्वराक्षरांतला ‘रि’ नेमका किती उंच होता, ग्राम-मूर्च्छनांची ती व्यवस्था गळ्यात कशी उतरत होती, हे सांगणारी परंपरा तुटली. विष्णु नारायण भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेच्या प्रवासाला निघाले तेव्हा भेटेल त्या पंडिताला ते ‘रत्नाकरा’विषयी विचारत, ग्रंथाविषयी आदर सर्वत्र होता, त्यातला राग गाऊन दाखवणारा कुणी नव्हता. शार्ङ्गदेवाच्या वृंदाची एक रात्र कुणी टिपून ठेवली असती, तर पुढच्या सातशे वर्षांचे वाद मिटले असते. डे खूय यांच्यापुढे आवाज होता, कागद नव्हता. भातखंड्यांपुढे कागद होता, आवाज नव्हता. दोघांपैकी एकालाच काम तडीस नेता आले.

हीच फट अगदी अलीकडच्या काळातही दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. शब्द वहीत आले. सगळ्या ओव्यांची चाल मात्र वहीत येऊ शकत नव्हती. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज आज ऐकता येतो. तो ऐकल्यावर कळते की वहीतल्या ओळीत निम्मेही काही नव्हते. श्वास कुठे तुटतो, कोणत्या अक्षरावर स्वर रेंगाळतो, सगळे बाहेरच राहिले होते.

आणि लातूर जिल्ह्याने तर एक रात्र अशी पाहिली आहे. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या मिरवणुका उरकून माणसे उशिरा घरी परतली, दगडमातीच्या जाड भिंतींआड झोपली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसे गेली. घरांचा, जनावरांचा, माणसांचा हिशेब झाला, पंचनामे झाले. त्या घरांतल्या जात्यांवर कोणत्या चाली होत्या, भजनी मंडळांत कोणता अभंग कोणत्या वळणाने गायला जात होता, याचा रकाना कोणत्याही पंचनाम्यात नसतो. ज्या गावांत कुणी टेप घेऊन गेले नव्हते, तिथल्या चालींना डे खूय मिळणार नव्हता.

किल्लारीनंतर सहा वर्षांनी, लंडनमध्ये पॉल मान यांनी छडी उचलली. ब्लॅकमोर यांच्या जागी आता स्टीव्ह मोर्स होते. वाद्यवृंदातल्या वादकांत या वेळी रुसवा नव्हता. त्यांच्यातले कितीतरी जण डीप पर्पलची गाणी ऐकतच वाढले असणार. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘मेटॅलिका’ने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर थेट मैफल मुद्रित केली होती, जे १९६९ मध्ये धाडस होते, ते आता रूढ होऊ लागले होते.) कार्यक्रम लांब होता. बँडमधल्या प्रत्येकाच्या स्वतंत्र कामगिरीतली गाणी, रॉनी जेम्स डियो आणि सॅम ब्राउन यांच्यासारखे पाहुणे गायक, शेवटी सगळ्यांनी मिळून ‘स्मोक ऑन द वॉटर’. पण रात्रीचा गाभा ती तीन भागांची रचनाच. दोन्ही रात्रींचे मुद्रण दोन चकत्यांच्या अल्बमरूपाने आले. १९६९च्या मुद्रणाशेजारी ते लावून ऐकावे. जुन्यात धडपड ऐकू येते, बँड आणि वाद्यवृंद एकमेकांना चाचपडत असतात. नव्यात सांधे गुळगुळीत आहेत, वेग सांभाळलेला आहे. नवे अधिक चांगले वाजवलेले आहे. जुने अधिक ऐकावेसे वाटते.

लॉर्ड यांनी २००२ मध्ये बँड सोडला. पुढे त्यांनी रॉयल लिव्हरपूल फिलहार्मॉनिकबरोबर, पुन्हा पॉल मान यांच्याच संचालनाखाली, या रचनेचे स्टुडिओतले मुद्रण करून घेतले. ते प्रसिद्ध होण्याआधीच, १६ जुलै २०१२ रोजी, त्यांचे निधन झाले.

आज एखाद्या शहरातला वाद्यवृंद ही रचना वाजवायला घेतो, तेव्हा वादकांच्या स्टँडवर जे कागद लागतात, ते लॉर्ड यांनी १९६९ मध्ये रात्री जागून लिहिलेले नसतात. एका परक्या माणसाने मुद्रण थांबवत, मागे नेत, तोच तुकडा पुन्हा ऐकत जे टिपून घेतले, त्यातून ते आलेले असतात. लातूरच्या मंडपात की-बोर्डवाला गाणे बसवतो, तसे.